एक किलोचा उपग्रह

कृत्रिम उपग्रह म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे श्रीहरिकोट्याचा अग्निबाण उभा राहतो. ज्वाळा, धुराचे लोट, आणि उड्डाण यशस्वी होताच एकमेकांचे हात हातांत घेणारे शास्त्रज्ञ. हे सारे काम फार मोठ्या माणसांचे आणि फार मोठ्या पैशांचे, असे आपण गृहीत धरून चालतो. पण २२ जून २०१६ रोजी सकाळी पी. एस. एल. व्ही. सी-३४ या अग्निबाणाने जे वीस उपग्रह एका खेपेत वर नेले, त्यांत एक अगदी चिमुकला होता. मुख्य उतारू म्हणजे कार्टोसॅट-२ मालिकेतील ७२७.५ किलो वजनाचा उपग्रह. आणि हा चिमुकला अवघा एक किलोचा. लांबी, रुंदी, उंची सुमारे दहा-दहा सेंटिमीटर. वाण्याकडून आणलेली साखरेची एक किलोची पुडी जेवढी भरते, साधारण तेवढाच आकार आणि तेवढेच वजन. त्याचे नाव ‘स्वयम्’. तो घडविला होता पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील, म्हणजे सगळे ज्याला ‘सी. ओ. ई. पी.’ म्हणतात तेथील, विद्यार्थ्यांनी. १८५४ साली सुरू झालेली ही संस्था २०२२ पासून स्वतंत्र विद्यापीठ झाली आहे.

कला शाखेच्या वार्षिकात उपग्रहाचे काय काम, असे कोणी विचारील. उपग्रहात कोणकोणती यंत्रे असतात हे सांगणाऱ्या पुस्तकांना तोटा नाही. मला कुतूहल आहे ते तो घडविणाऱ्यांच्या शिकण्याचे. ‘स्वयम्’चे काम सुरू झाले २००८ साली आणि तो उडाला २०१६ साली. अभियांत्रिकीची पदवी चार वर्षांची. म्हणजे ज्यांनी आरंभ केला ते उड्डाणाच्या दिवसापूर्वीच पदवी घेऊन नोकरीधंद्याला लागलेले. आणि उड्डाणाच्या वेळी जे दुसऱ्या वर्षाला होते ते २००८ साली प्राथमिक शाळेत, दहा-अकरा वर्षांचे. मग हा उपग्रह केला तरी कोणी?

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी थोडे मागे जावयास हवे, कारण विद्यार्थ्यांनी उपग्रह करण्याची कल्पना आजकालची नव्हे. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी ‘ऑस्ट्रेलिस-ऑस्कर ५’ नावाचा सुमारे अठरा किलोचा उपग्रह तयार केला. तो १९६७ सालीच पुरा झाला होता, परंतु जागा मिळेपर्यंत वाट पाहावी लागली आणि अखेर २३ जानेवारी १९७० रोजी एका अमेरिकन हवामान-उपग्रहाच्या सोबतीने तो वर गेला. त्याला सौरघट नव्हते. आतल्या बॅटऱ्या संपेपर्यंत, म्हणजे सुमारे सहा आठवडे, तो संकेत पाठवीत राहिला. त्याची एरियल कशाची होती? सुताराच्या पोलादी मोजपट्टीची! अग्निबाणात जागा थोडी, म्हणून एरियल गुंडाळून बांधायची. वर गेल्यावर बंधन सुटले की ती आपल्या अंगच्या ताठरपणाने सरळ व्हावयाची. मोजपट्टीची पोलादी फीत नेमके हेच करते. पुढे जगभरच्या किती तरी विद्यार्थी-उपग्रहांनी हीच युक्ती उचलली. नायलॉनच्या दोऱ्याने पट्टी बांधून ठेवायची आणि अवकाशात गेल्यावर लहानशी तार तापवून तो दोरा जाळायचा, इतकी साधी ही यंत्रणा आहे. माझे वडील सुतारकाम करतात. त्यांच्या पट्टीचे बटण दाबल्यावर ती सप्पकन आत जाते हे मी लहानपणापासून पाहत आले आहे; तीच पट्टी पृथ्वीभोवती फिरून आली हे वाचल्यावर मी दोनदा खात्री करून घेतली.

त्यानंतरचा महत्त्वाचा टप्पा १९९९ सालचा. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक बॉब ट्विग्ज आणि कॅलिफोर्निया पॉलिटेक्निकचे प्राध्यापक जॉर्डी प्विग-सुआरी यांना एक अडचण जाणवत होती. विद्यार्थ्यांचा उपग्रह वाढतच जातो, वर्षे उलटतात आणि विद्यार्थी तो पुरा होण्याआधीच पदवीधर होतात. यावर त्यांनी उपाय काढला तो असा की, उपग्रहाचे आकारमानच बांधून टाकावयाचे. दहा सेंटिमीटरचा घन, एक किलोच्या आसपास वजन. याहून अधिक काही बसणारच नाही. हे माप ठरविताना ट्विग्ज यांनी खेळण्यातील लहान कापडी प्राणी ज्यात ठेवतात तो प्लॅस्टिकचा डबा समोर धरला होता. यालाच ‘क्यूबसॅट’ म्हणतात. या डब्यांसाठी एक पेटीही तयार झाली. अग्निबाणाला ही बंद पेटी जोडावयाची, वेळ आली की दार उघडते आणि आतली स्प्रिंग उपग्रहांना बाहेर ढकलते. यामुळे मोठ्या उपग्रहाच्या मालकाची भीती गेली. पोरांचा डबा वाटेत फुटला, सुटला, तरी तो पेटीतच राहणार.

आता हा डबा विद्यार्थ्यांना शिकवितो तरी काय?

आपल्या प्रयोगशाळांतील प्रात्यक्षिके आठवा. (माझी आठवण अकरावी-बारावीची आहे, पण अभियांत्रिकीतील मित्र सांगतात ते याहून फार निराळे नसते.) तेथे उत्तर आधीच छापलेले असते. वाचन चुकीचे आले तर आपण यंत्राला दोष देतो, शेजारच्याच्या वहीत डोकावतो आणि आकडा ‘बसवितो’. उपग्रहात आकडा बसविता येत नाही. शिवाय वेळापत्रकात जे विषय निरनिराळ्या तासांना बसलेले असतात, ते या दहा सेंटिमीटरच्या डब्यात एकमेकांच्या अंगावर येतात.

विजेचेच पाहा. पृथ्वीजवळच्या अवकाशात सूर्यप्रकाशातून एका चौरस मीटरवर सुमारे १३६१ वॅट ऊर्जा येते. ऐकावयास हे पुष्कळ वाटते. पण आपल्या डब्याची एक बाजू चौरस मीटरचा शंभरावा भाग. म्हणजे तेरा वॅटच्या जरा वर. सौरघट त्यातील पाव हिश्श्याच्या थोडीफार वर वीज करणार, आणि ती बाजूही पूर्ण सौरघटांनी झाकता येत नाही. हाती राहतात ते दोन वॅटच्या आसपास. आपल्या घरातील साध्या एल. ई. डी. दिव्यालाही याहून अधिक लागते. त्यातही पाचशे किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सुमारे ९५ मिनिटांत एक प्रदक्षिणा करतो, आणि त्यातील तिसरा हिस्सा वेळ तो पृथ्वीच्या सावलीत असू शकतो. तेव्हा सगळा भार बॅटरीवर. एवढ्या शिधासामग्रीत संगणक चालवायचा, रेडिओ चालवायचा, बॅटरी गारठू द्यायची नाही. महिनाअखेर घर चालविणाऱ्या बाईला हे गणित कोणी शिकवावे लागत नाही. रेडिओचे काम पाहणाऱ्याला अधिक वीज हवी असते, विजेचे काम पाहणारा ती नाकारतो, सांगाडा करणारा म्हणतो की वजन वाढवू नका, आणि प्रत्येकाचे म्हणणे आपापल्या जागी खरे असते. या भांडणातून तोडगा काढणे हेच अभियांत्रिकीचे खरे शिक्षण, असे मला वाटते. एकेकट्याच्या परीक्षेत असल्या भांडणाला जागाच नसते.

उष्णतेचे तसेच. येथे एखादे यंत्र तापले की वारा त्याची उष्णता काढून नेतो. तेथे वाराच नाही. उष्णता बाहेर जाणार ती केवळ प्रारणाने. म्हणून उपग्रह उडण्यापूर्वी त्याला निर्वात पेटीत ठेवून आळीपाळीने तापवितात व गारठवितात. अग्निबाणाचे हादरे सोसतील की नाही हे पाहण्यासाठी कंपन-मेजावर धरून थरथरवितात. ज्याने एखादा स्क्रू ‘पुढे पाहू’ म्हणून अर्धवट पिळलेला असेल, त्याला तेथेच उत्तर मिळते.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. अवकाशातील किरणांच्या माऱ्याने संगणकाच्या स्मृतीतील एखादा शून्याचा एक होऊ शकतो आणि संगणक जागच्या जागी अडकून बसतो. आपण बटण दाबून तो पुन्हा सुरू करतो. वर कोण जाणार? म्हणून आत एक वेगळे मंडल ठेवतात. संगणकाने ठरावीक वेळाने त्याला ‘जागा आहे’ असे कळवावयाचे. कळविले नाही तर ते मंडल काही न विचारता संगणक बंद करून पुन्हा चालू करते. आपल्या गावातल्या जुन्या जागल्याचेच हे काम!

‘स्वयम्’ची खरी गंमत मात्र तो अवकाशात आपले तोंड कसे स्थिर ठेवतो यात आहे. पेटीतून बाहेर ढकलल्यावर उपग्रह गरगरत, कोलांट्या खात जातो. अशाने एरियलची दिशा सारखी बदलते आणि संदेश नीट पोहोचत नाही. मोठ्या उपग्रहांत हे गरगरणे थांबविण्यासाठी फिरती चाके किंवा विजेवर चालणारी चुंबकीय वेटोळी असतात. त्यांना वीज लागते, आणि वीज किती आहे ते वर पाहिलेच. पुण्याच्या विद्यार्थ्यांनी निवडलेल्या उपायाला विजेचा एक कणही लागत नाही. त्यांनी उपग्रहात कायम लोहचुंबक बसविले. होकायंत्राची सुई जशी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राकडे तोंड करून उभी राहते, तसा सबंध उपग्रहच एक होकायंत्र बनतो.

परंतु होकायंत्राची सुई हलविली तर ती लगेच थांबत नाही. इकडून तिकडे झोके घेत राहते. येथे हवेचे व टेकूचे घर्षण ते झोके हळूहळू मारते. अवकाशात घर्षण कोठून आणावयाचे? यासाठी विशिष्ट मऊ चुंबकीय धातूच्या बारीक कांड्या बसवितात. उपग्रह झोके घेऊ लागला की या कांड्यांतील चुंबकत्वाला दरवेळी उलटसुलट व्हावे लागते, आणि ते नेहमी थोडे मागे रेंगाळते. या रेंगाळण्याला ‘हिस्टेरेसिस’ म्हणतात. प्रत्येक रेंगाळण्यात गतीची थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. झोके लहान लहान होत विरतात. यात हलणारा एकही भाग नाही, बिघडण्याजोगे काही नाही. मेलबर्नच्या त्या १९७० सालच्या उपग्रहातही चुंबकाचीच युक्ती होती. म्हणजे पुण्याच्या मुलांनी काही नवे शोधून काढले असे नव्हे. आपल्या जवळच्या दोन वॅटांना काय शोभेल हे त्यांनी ओळखले, आणि मला यात अधिक शहाणपण दिसते.

या उपायाची किंमतही आहे. पृथ्वीच्या चुंबकीय रेषा विषुववृत्ताजवळ जमिनीला जवळजवळ समांतर धावतात आणि ध्रुवांजवळ उभ्या होतात. त्यांच्यामागे जाणारा उपग्रह प्रत्येक प्रदक्षिणेत अंगाभोवती दोनदा फिरतो. त्याला ‘अमुक गावाकडे पाहा’ असे सांगता येत नाही. छायाचित्रे काढावयाची असती तर ही पद्धत निरुपयोगीच ठरली असती. ‘स्वयम्’चे काम निरोप्याचे होते. हौशी रेडिओवाल्यांच्या लहरींवर एका ठिकाणाहून संदेश घ्यावयाचा, पोटात ठेवावयाचा आणि दुसऱ्या ठिकाणावरून जाताना तो तेथे द्यावयाचा. कामाला साजेसा उपाय निवडला, की उपायातील उणीव आड येत नाही.

आता खाली जमिनीवर या. उपग्रह दिवसाकाठी सुमारे पंधरा प्रदक्षिणा करतो, पण त्यातील थोड्याच पुण्याच्या आभाळातून जातात, आणि प्रत्येक वेळी तो क्षितिजावर असतो फार तर दहा-बारा मिनिटे. तेवढ्यात बोलणे उरकावयाचे. तो सेकंदाला साडेसात किलोमीटरहून अधिक वेगाने धावत असल्यामुळे त्याच्या संकेताची कंप्रताही सारखी सरकत राहते. स्टेशनातून शिटी वाजवीत जाणारी गाडी जवळ येताना आणि दूर जाताना शिटीचा स्वर बदलतो, तोच प्रकार. अशा वेळी भूस्थानकावर बसलेल्या विद्यार्थ्याला डॉप्लरचा सिद्धांत पाठ करावा लागत नसणार.

आणि समजा, काहीच ऐकू आले नाही तर? ही शक्यता लहान नाही. ३० जून २००३ रोजी रशियातील प्लेसेत्स्क येथून पहिले क्यूबसॅट वर गेले. त्यांतील टोकियो विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचा ‘एक्स-आय-४’ दहा वर्षांहून अधिक काळ संकेत पाठवीत राहिला. त्याच अग्निबाणातून गेलेले टोरांटो विद्यापीठाचा ‘कॅनएक्स-१’ व डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठाचा ‘डीटीयूसॅट’ मात्र एक अक्षरही बोलले नाहीत. वर्षानुवर्षे केलेले काम एका सकाळी आभाळात जाते आणि मुके होते. झाकण उघडून पाहता येत नाही. कधी कधी तर आपल्या हातून सर्व नीट होऊनही काही उपयोग होत नाही. ७ ऑगस्ट २०२२ रोजी देशभरातील ७५ शाळांतील ७५० मुलींच्या सहभागाने तयार झालेला ‘आझादीसॅट’ घेऊन नवा लघु अग्निबाण उडाला. पण अग्निबाणाने उपग्रहांना चुकीच्या कक्षेत सोडले आणि ते वाया गेले. मुलींचा यात काय दोष? त्यांचा दुसरा उपग्रह १० फेब्रुवारी २०२३ रोजी यशस्वीपणे कक्षेत गेला. तयार संच हाती घेऊन त्यात भर घालणे म्हणजे उपग्रह करणे नव्हे, असे नाक मुरडणारे लोक आहेत. दोन्हींत फरक आहे हे मलाही मान्य आहे. पण सरकारी शाळेतील मुलीच्या हातचा तुकडा अग्निबाणावर चढतो याचे मोल नाक मुरडणाऱ्यांना समजणे कठीण.

आता ‘स्वयम्’ केला कोणी, या मूळ प्रश्नाकडे येतो. क्यूबसॅटची कल्पना निघाली ती एकाच तुकडीच्या हातून उपग्रह पुरा व्हावा म्हणून. पुण्यात मात्र त्याला आठ वर्षे लागली. मुंबईच्या आय. आय. टी.तील विद्यार्थ्यांच्या ‘प्रथम’ या दहा किलोच्या उपग्रहाचीही तीच कथा. काम सुरू झाले २००७ साली, उड्डाण २६ सप्टेंबर २०१६ रोजी पी. एस. एल. व्ही. सी-३५ मधून. (‘प्रथम’ने आयनावरणातील इलेक्ट्रॉनांची मोजणी करण्याचे काम अंगावर घेतले होते, आणि त्याचे संकेत टिपण्यासाठी इतर महाविद्यालयांनाही भूस्थानके उभारण्यास त्यांनी सोबत घेतले. ही कल्पना मला उपग्रहाहूनही मोठी वाटते.) दिरंगाई ही काही मिरविण्याची गोष्ट नव्हे. परीक्षा आणि सत्रे सांभाळून, चाचण्यांत नापास होत, पुन्हा करीत काम करावयाचे तर ते लांबणारच. पण या लांबण्याने विद्यार्थ्यांना एक गोष्ट करणे भाग पडले. ती म्हणजे लिहून ठेवणे.

आमच्या घरी काम शिकतात ते पाहून. वडील आजोबांच्या हाताखाली शिकले. रंधा किती कलता धरावयाचा हे कोठेही लिहिलेले नाही, आणि लिहिण्याची गरजही पडली नाही, कारण शिकविणारा वीस वर्षे शेजारीच बसलेला होता. विद्यार्थ्यांच्या उपग्रहात शिकविणारा दर जून महिन्यात निघून जातो. अमुक रोधक का निवडला, तमुक जोडणी का बदलली, पहिल्या चाचणीत काय जळाले, हे त्याने लिहून ठेवले नाही तर पुढचा तोच रोधक पुन्हा निवडणार आणि तेच पुन्हा जाळणार. आणि लिहावयाचे ते कोणासाठी? ज्याला आपण कधी भेटणार नाही, जो आज पाचवी-सहावीत आहे, त्याच्यासाठी. त्याला काहीच ठाऊक नाही असे धरून, पण तो मंद आहे असे न धरता. निबंधलेखनाचा याहून अवघड विषय मला तरी कोणी दिलेला नाही.

माझ्यासारखीला याचे मोल विशेष वाटते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. प्रवेशअर्ज कसा भरावा, कोणता विषय घेतला असता पुढे काय होते, वाचनालयात पुस्तक मागावयाचे कसे, यांतले घरी विचारावयास कोणी नव्हते. ज्यांच्या घरी विचारावयास माणूस असते त्यांना लिहून ठेवलेल्या कागदाची किंमत कळत नाही. ज्या मुलाचे वडील अभियंते आहेत तो कदाचित कागदाविनाही निभावून नेईल. ज्याचे नाहीत तो त्या कागदाच्या आधारानेच त्या मेजाशी बसू शकतो. म्हणून ‘स्वयम्’ कोणी केला, याचे माझे उत्तर असे की, तो सात-आठ तुकड्यांनी एकमेकींना दिलेल्या कागदांनी केला. सौरघट आणि चुंबक त्यानंतरचे.

भारतात हा मार्ग आधीही चाललेला होता. चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचा चाळीस किलोचा ‘अनुसॅट’ २० एप्रिल २००९ रोजी गेला, सात अभियांत्रिकी महाविद्यालयांनी मिळून केलेला एक किलोहून हलका ‘स्टडसॅट’ १२ जुलै २०१० रोजी. ‘स्वयम्’नंतर पुण्याच्या चमूने सौर शिडाच्या उपग्रहाचे काम हाती घेतले. पातळ चकचकीत पडद्यावर सूर्यप्रकाशाचा जो अतिसूक्ष्म दाब पडतो, त्याने उपग्रह ढकलण्याचा हा विचार आहे.

आपल्या महाविद्यालयात अभियांत्रिकी नाही. उपग्रह करणे आपल्या आवाक्यातले नव्हे. तरी एक दार उघडे आहे. हौशी रेडिओचा परवाना बारा वर्षांवरील कोणाही भारतीयाला परीक्षा देऊन मिळतो. प्राथमिक इलेक्ट्रॉनिकी आणि नियम एवढाच तिचा अभ्यास, शाखेची अट नाही. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावर हौशी रेडिओ आहे, १४५.८०० मेगाहर्ट्‌झ या कंप्रतेवर तो कधी अंतराळवीरांचा आवाज, तर कधी चित्रांचे संकेत खाली पाठवितो. ते पकडण्यासाठी जगभरचे हौशी लोक जी हातात धरावयाची एरियल घरी तयार करतात, तिला लागते पाण्याच्या प्लॅस्टिक नळीचा एक तुकडा, थोडी तार आणि सुताराच्या पोलादी मोजपट्टीचे कापलेले तुकडे. स्टँडसमोरच्या हार्डवेअरच्या दुकानात तीन मीटरची पट्टी मिळते. भौतिकशास्त्राचा एखादा सोबती मिळाला तर येत्या सत्रात हे करून पाहावे असे मनात आहे. इच्छुकांनी द्वितीय वर्षाच्या वर्गात येऊन भेटावे.